पाइपाची बाही

पाइप भिंतीतून किंवा स्लॅबमधून पलीकडे जातो त्या जागी त्याच्याभोवती मोठ्या व्यासाच्या नळीचा एक तुकडा बसवलेला असतो. बांधकामावर त्याला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही, आणि हे नाव चपखल आहे. सदऱ्याच्या बाहीत हात मोकळा फिरतो, तसा पाइप स्लीव्हच्या आत मोकळा राहावा लागतो. कारखान्यांत आणि जमिनीखाली याच नावाची आणखीही आवरणे आहेत. थंड पाण्याच्या पाइपावरची काळी रबरी नळी, ओतीव पाइपावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी, वेल्डिंगच्या सांध्यावर तापवून आवळलेली पट्टी आणि रेल्वे रुळांखालून जाणाऱ्या जलवाहिनीभोवतीचा जाड पोलादी नळ ही सगळी त्याच कुळातली. पाइप आणि त्याचा परिसर यांची थेट गाठ पडू न देणे हे या सर्वांचे काम. ते काम कसे साधते आणि कुठे फसते, हे मात्र जागोजागी निराळे आहे.

इमारतीपासून सुरुवात करायची तर पहिले कारण उष्णतेचे. भिंत जागची हलत नाही. पाइप मात्र दिवसातून अनेकदा हलतो. गरम पाणी आले की तो लांबतो, निवले की आखडतो. तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढले तर १० मीटर लांबीचा पोलादी पाइप सुमारे ५ मिलिमीटर वाढतो, तांब्याचा ७ मिलिमीटर. प्लास्टिकचे आकडे नवख्याला खोटे वाटतील असे आहेत. हल्ली घरोघर गिझरला जोडल्या जाणाऱ्या सीपीव्हीसीच्या तेवढ्याच लांबीच्या पाइपात २५ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो आणि साध्या पीपीआर पाइपात जवळजवळ ६०. असा पाइप सिमेंटमध्ये घट्ट दाबून टाकला तर वाढीला जागा उरत नाही. मग तो उघड्या भागात कमानीसारखा वाकतो, नाहीतर सगळा ताण जवळच्या सांध्यावर येतो. सांधा एका दिवसात सुटत नाही. रोज सकाळी अंघोळीच्या वेळी ताण, नंतर ढील, असे चालत राहते आणि काही वर्षांनी खालच्या घराच्या छताला ओलीचा डाग उमटतो. तोवर भिंतीच्या पोटात काय आहे हे कुणाला आठवत नसते.

पाइप हलतो तशी इमारतही थोडीफार हलते. नवे बांधकाम काही प्रमाणात खचते, उंच इमारत वाऱ्याने डोलते आणि भूकंपात तर मजले एकमेकांच्या मानाने सरकतात. अग्निशमनाच्या पाइपांना हा धोका सर्वांत मोठा, कारण भूकंपानंतरच आगी लागतात आणि तेव्हाच ते पाइप शाबूत हवेत. अमेरिकेतील एनएफपीए १३ हे स्प्रिंकलर यंत्रणेचे मानक म्हणूनच भूकंपप्रवण भागात पाइपाभोवती ऐसपैस मोकळीक मागते. सुमारे ९० मिलिमीटरपर्यंतच्या पाइपाला छिद्र ५० मिलिमीटरने मोठे, आणि १०० मिलिमीटर व त्याहून मोठ्या पाइपाला १०० मिलिमीटरने मोठे. भूकंपाची अट नसेल तर एवढी जागा लागत नाही. पाइपाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा स्लीव्ह २५ ते ५० मिलिमीटरने मोठी ठेवली की नेहमीचे काम भागते. पाइपावर इन्सुलेशन चढणार असेल तर त्याची जाडी धरून माप घ्यायचे असते. हे विसरल्याने भिंतीत नेमके इन्सुलेशन कापावे लागते आणि पुढे तिथेच पाणी ठिबकते.

स्लीव्ह बसवण्याची खरी वेळ स्लॅब भरण्याच्या आधीची. शटरिंगवर सळयांची जाळी बांधून झाली की नकाशात दाखवलेल्या जागी पीव्हीसी किंवा लोखंडी नळीचे तुकडे पक्के करतात. आत काँक्रीट शिरू नये म्हणून त्यांत वाळू, थर्माकोल किंवा सरळ गोणपाट कोंबतात. काम साधे आहे, पण त्यासाठी त्या दिवशी प्लंबिंगचा नकाशा साइटवर हजर असावा लागतो आणि बऱ्याचदा तोच नसतो. स्लॅब भरल्यावर प्लंबर येतो, खडूने गोल काढतो आणि कोअर कटिंगचे यंत्र लागते. यंत्राला सळई दिसत नाही. काँक्रीटबरोबर तीही कापली जाते. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये तर ताणून धरलेल्या तारा असतात. त्यातली एखादी तुटली की स्लॅबची ताकद घटतेच, शिवाय काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

बीममधून पाइप न्यायचा असेल तर आणखी जपावे लागते. बीम वाकताना त्याचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मध्यावर दोन्ही ताण कमीत कमी असतात. म्हणून छिद्र उंचीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात ठेवतात आणि खांबापासून दूर ठेवतात, कारण टेकूजवळ बीमला कातरणारा जोर जास्त असतो. तिथे छिद्र पडले की तिरपी भेग जायला निमित्तच मिळते. ही जागा ठरवणे प्लंबरचे काम नव्हे, ते स्ट्रक्चरल इंजिनियरचे आहे. प्रत्यक्षात ठरवतो बहुधा प्लंबरच.

दुसरे कारण रसायनाचे. ओल्या सिमेंटचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. ॲल्युमिनियम आणि शिसे त्यात खाल्ले जातात, जस्ताचा थरही ताज्या सिमेंटमध्ये झिजतो. पोलादाचे उलट आहे. काँक्रीटच्या त्या अल्कधर्मी वातावरणात त्याच्यावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि ते गंजत नाही. सळया वर्षानुवर्षे टिकतात त्या याच बळावर. पण या चांगल्या गोष्टीतूनच एक विचित्र संकट उभे राहते. जमिनीतून आलेला पोलादी पाइप पायाच्या भिंतीत शिरताना सळयांना टेकला, तर काँक्रीटमधले पोलाद आणि मातीतले पोलाद यांच्यात विजेचा दाब वेगवेगळा असल्याने चक्क एक बॅटरी तयार होते. सळयांचे जंगल सुरक्षित बाजूला राहते आणि मातीतला पाइप झिजतो. पाइपाच्या रंगाला एखादे छोटे भोक असेल तर सगळा प्रवाह तिथूनच बाहेर पडतो आणि त्या टिचभर जागी पाइप आरपार पोखरला जातो. गळती भिंतीबाहेर हातभर अंतरावर सापडते, म्हणून दोष मातीला दिला जातो. प्लास्टिकची स्लीव्ह घालून पाइप सळयांपासून वेगळा ठेवला असता तर ही बॅटरी जुळलीच नसती.

स्लीव्ह आणि पाइप यांच्यामधली फट कशाने भरायची, हा पुढचा प्रश्न. नेहमीचे उत्तर सिमेंटचा माल, आणि ते बहुतेक ठिकाणी चुकीचे आहे. फट सिमेंटने भरली की पाइप पुन्हा जखडला जातो आणि स्लीव्ह घातल्याचा उपयोगच संपतो. शिवाय सिमेंट सुकताना आकसते आणि पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला नीट चिकटतही नाही, त्यामुळे केसभर फट राहतेच. बाथरूमच्या सनकन स्लॅबमधली बरीच गळती याच केसभर फटीतून उतरते. वरच्या फरशीचा आणि ब्रिकबॅट कोब्याचा त्यात दोष नसतो. ओल्या जागी स्लीव्हचे तोंड फरशीच्या वर थोडे उचलून ठेवतात, म्हणजे सांडलेले पाणी कडेवरून आत उतरत नाही, आणि फटीत लवचीक सीलंट भरतात. तळघराच्या भिंतीत, बाहेर भूजल दाब देत असते तिथे, रबरी कड्यांची साखळी पाइपाभोवती गुंडाळून बोल्ट पिळतात. रबर दाबले जाऊन फुगते आणि फट बंद होते. पाइपाला मात्र किंचित हलता येते.

एका जागी मात्र मोकळी स्लीव्ह ठेवत नाहीत, ती म्हणजे पाण्याची टाकी. टाकीच्या किंवा तरणतलावाच्या भिंतीत पाइपाला पडल फ्लँज लावतात. ही पाइपाभोवती वेल्ड केलेली लोखंडी चकती असते आणि काँक्रीट भरतानाच ती भिंतीच्या जाडीच्या मधोमध गाडली जाते. पाइपाच्या अंगाने सरपटत येणाऱ्या पाण्याला चकती आडवी येते आणि त्याची वाट लांबते. इथे पाइपाला जखडून ठेवणेच अभिप्रेत असते. हालचालीची सोय टाकीबाहेर लवचीक जोड देऊन करतात.

स्वयंपाकघरात येणाऱ्या गॅसच्या पिवळ्या पाइपालाही भिंतीत स्लीव्ह लागते, पण तिचे कारण गंज किंवा प्रसरण एवढेच नाही. विटांच्या पोकळीत गॅस साठला तर त्याचा वासही लवकर येत नाही. स्लीव्ह घातली की भिंतीतल्या भागात गळालेला गॅस पोकळीत न शिरता स्लीव्हमधूनच एका टोकाला जातो. म्हणून फटीचे घराच्या आतले तोंड बंद करतात आणि बाहेरचे उघडे ठेवतात. ओट्याच्या नूतनीकरणात एखादा कारागीर दिसायला चांगले म्हणून बाहेरचे तोंडही लिंपून टाकतो. दोन्ही तोंडे बंद झाली की स्लीव्ह ही गॅस साठवायची डबी होते.

आगीच्या बाबतीत तर रिकामी फट हीच मोठी भीती. मजला आणि भिंत आग अडवतात, पण भोकातून धूर आणि ज्वाळा वरच्या मजल्यावर चढतात. उंच इमारतींतल्या डक्टमध्ये अशी भोके दर मजल्यावर डझनांनी असतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने ती आग रोखणाऱ्या सामग्रीने बंद करण्यास सांगितले आहे. लोखंडी पाइपाभोवती आगरोधक सीलंट चालते. प्लास्टिकच्या पाइपाची अडचण वेगळी. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते, आग लागताच पाइप वितळून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी पूर्ण व्यासाचे भोक उरते. त्यावरचा तोडगा मोठा कल्पक आहे. पाइपाभोवती धातूची एक कॉलर बसवतात आणि तिच्या आत प्रसरणशील ग्राफाइटची पट्टी असते. उष्णता लागली की पट्टी अनेक पट फुगते. धातूच्या कड्यामुळे तिला बाहेर फुगता येत नाही, म्हणून ती आत शिरते, मऊ पडलेला पाइप चिमटते आणि भोक काळ्या, घट्ट बुचाने बंद करते.

भोके बुजवण्याचे काम हलके समजले की काय होते, याचा दाखला अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी कामगार केबलींसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकांची हवाबंदी तपासत होते. भोके पॉलियुरेथेनच्या फोमने बुजवलेली होती, आणि हवा कुठून गळते हे पाहायला हातात होती पेटती मेणबत्ती. ज्योत फटीत ओढली गेली, फोमने पेट घेतला आणि आग भिंतीपलीकडे पोचली. ती सुमारे सात तास जळत होती आणि १६०० हून अधिक केबली निकामी झाल्या. भिंतीतली भोके आणि त्यांचे बूच यांच्याकडे अणुऊर्जा क्षेत्राने गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती त्यानंतर. फोम भरून मोकळे होण्याची सवय मात्र साध्या इमारतींत आजही दिसते.

भिंतीबाहेर, पाइपाच्या पूर्ण लांबीवर चढवायच्या आवरणांत सर्वांत परिचित आहे ते वातानुकूलन यंत्राच्या पाइपावरचे. मध्यवर्ती वातानुकूलनात पाणी साधारण ७ अंशांवर फिरते. मुंबईच्या जुलैत हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर दवबिंदू २६ अंशांच्या जवळ येतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठावर हवेतले बाष्प पाणी होऊन बसणार. ७ अंशांचा उघडा पाइप थोड्याच वेळात ठिबकू लागतो आणि पाइप फुटल्याचा संशय येतो. यासाठी बंद छिद्रांच्या नायट्रिल रबराची नळी वापरतात. तिच्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसल्याने बाष्प आत शिरत नाही. सगळी मदार सांध्यांवर असते. दोन नळ्यांमधला जोड उघडा राहिला, किंवा टांगणीच्या पट्टीने रबर दाबून चपटे केले, की तिथून बाष्प आत जाते आणि पाइपावर पाणी साचते.

तापलेल्या पाइपांवर हेच पाणी अधिक घातक ठरते. रिफायनरी आणि रासायनिक कारखान्यांत वाफेच्या व तेलाच्या पाइपांना खनिज लोकर गुंडाळून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. पत्र्याचा सांधा सुटला, त्यावर कुणी पाय दिला किंवा पाइपाचा आधार जिथे पत्र्यातून बाहेर येतो तिथले सीलंट फाटले, की पावसाचे पाणी आत जाते. लोकर ते स्पंजासारखे धरून ठेवते. साध्या पोलादी पाइपाचे तापमान ५० ते १७५ अंशांच्या दरम्यान असेल तर गंजाला अगदी पोषक स्थिती मिळते. ऊब आहे, ओल आहे, आणि वाळणे व पुन्हा भिजणे चालू असल्याने ताजी हवाही मिळत राहते. याहून गरम पाइपावर पाणी टिकत नाही, थंड पाइपावर गंजाचा वेग मंद असतो. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो आणि आत पाइप कागदासारखा पातळ झालेला असतो. इन्सुलेशनखालचा हा गंज कारखान्यांच्या देखभाल विभागाची कायमची डोकेदुखी आहे. किनाऱ्यावरच्या कारखान्यांत खाऱ्या हवेमुळे ती वाढते.

मातीखाली गोष्ट उलटी होते. ओतीव लोखंडाच्या जलवाहिन्यांना अमेरिकेत १९५१ साली पॉलिथिनची सैल पिशवी चढवून पाहण्याचा प्रयोग झाला. प्रत्यक्ष वापरातली पहिली वाहिनी १९५८ साली लुइझियानातल्या लाफूर्श भागात टाकली गेली. १९७२ मध्ये त्याचे अमेरिकी मानक झाले आणि भारतातही डक्टाइल आयर्नच्या पाइपांना आक्रमक मातीत असे वेष्टन देतात. जाडी साधारण २०० मायक्रॉन. हे वेष्टन चिकटवलेले नसते, पाणबंदही नसते. भूजल फटींतून आत जाते आणि पाइपाला भिडते. ऐकणाऱ्याला हा वेडेपणाच वाटेल. पण आत गेलेल्या त्या पातळ थरातला प्राणवायू थोड्याशा गंजात संपून जातो आणि नवे पाणी सहजी येत नाही, म्हणून गंजाला पुढे खाद्य मिळत नाही. मातीतले क्षारही पाइपाला थेट लागत नाहीत. पाणी आत आले की नाही यापेक्षा ते बदलत राहते की नाही, यावर इथे सगळे ठरते. म्हणून फाटलेली पिशवी मात्र चालत नाही. चर बुजवताना टोकदार दगड पडला, किंवा पुढे नळजोडणी घेताना प्लंबरने पिशवी फाडली आणि टेप लावली नाही, तर तेवढ्या जागी ताजे पाणी मिळत राहते.

तेल आणि वायूच्या पोलादी वाहिन्यांना एवढ्यावर भागवता येत नाही. त्यांचे पाइप कारखान्यातूनच तीन थरांचे वेष्टन घेऊन येतात. आत इपॉक्सी, मध्ये चिकट थर, बाहेर पॉलिथिन. मात्र वेल्डिंगसाठी दोन्ही टोके उघडी ठेवावी लागतात. १२ मीटरच्या पाइपांची वाहिनी धरली तर किलोमीटरमागे ऐंशीहून अधिक सांधे होतात. दाभोळहून बंगळुरूकडे गेलेल्या वायुवाहिनीसारख्या लांब कामात असे सांधे हजारोंनी असतात, आणि त्यातला प्रत्येक उघड्यावर, धुळीत किंवा पावसात झाकावा लागतो. त्यासाठी उष्णतेने आवळणारी स्लीव्ह वापरतात.

तिचे मूळ अणुसंशोधनात आहे. पॉलिथिनवर किरणोत्सार सोडला की त्याच्या लांब रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात, हे ब्रिटनमधील हार्वेलच्या प्रयोगशाळेत आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ च्या सुमारास दाखवले. असे बांधले गेलेले पॉलिथिन तापवले तरी वितळून वाहत नाही, रबरासारखे मऊ होते. त्या अवस्थेत ते ताणून तसेच थंड केले की ताणलेला आकार टिकतो. पुन्हा तापवले की बंध त्याला मूळ आकारात खेचून आणतात. अमेरिकेत पॉल कुक यांनी १९५७ साली रेकेम ही कंपनी काढून या गुणाचा व्यापार केला. चरात बसलेला कामगार सांधा घासून साफ करतो, तापवतो, स्लीव्ह गुंडाळतो आणि गॅसच्या ज्योतीने आधी मध्यावर आणि मग दोन्ही कडांकडे आवळत नेतो, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. कडेने वितळलेला गोंद सारखा बाहेर आला तर काम जमले. नंतर हॉलिडे डिटेक्टरची तार त्यावरून फिरवतात. सूक्ष्म भोक राहिले असेल तिथे २५ किलोव्होल्टपर्यंतच्या दाबाची ठिणगी उडते. ज्योत फिरवणाऱ्या हाताचे कसब इथे जितके महत्त्वाचे, तितके स्लीव्हच्या किमतीचे नाही.

सर्वांत मोठी स्लीव्ह रेल्वे आणि महामार्गाखाली असते. रुळांखालून मोठ्या व्यासाचा पोलादी किंवा काँक्रीटचा नळ यंत्राने ढकलतात आणि त्यातून जलवाहिनी ओढून घेतात. गाड्यांचा भार बाहेरच्या नळावर पडतो. आतला पाइप फुटला तर पाणी भराव वाहून न नेता नळाच्या तोंडाने बाहेर येते. रूळ न उखडता पाइप बदलता येतो. पाइप मध्यभागी राहावा म्हणून त्याला प्लास्टिकचे पाय जोडतात आणि दोन्ही टोकांना रबरी टोप्या घालतात.

वायू आणि तेलाच्या वाहिन्यांसाठी मात्र या स्लीव्हने नवी अडचण आणली. त्या वाहिन्यांना गंजापासून वाचवण्यासाठी विजेचा सौम्य प्रवाह दिलेला असतो आणि पाइपाचा दाब तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडच्या मानाने उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याखाली ठेवतात. प्लास्टिकचे पाय तुटून पाइप बाहेरच्या पोलादी नळाला टेकला की तो प्रवाह नळच खाऊन टाकतो आणि आतला पाइप उघडा पडतो. टोपी फाटून पाणी भरले, तर तिथे काय चालले आहे ते दिसतही नाही. पोलाद आणि वेल्डिंग सुधारल्यावर म्हणूनच अशी आडवी स्लीव्ह न घालता जाड पाइप खोल टाकण्याकडे अभियंत्यांचा कल झाला. अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या ११०२ क्रमांकाच्या संहितेत त्याचे गणित दिलेले आहे. जुन्या ओलांडण्यांवर मात्र पाइपाचा आणि नळाचा विद्युत दाब ठरावीक काळाने वेगवेगळा मोजतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर रुळांखाली कुठेतरी पाइप आपल्या स्लीव्हला टेकला आहे असे धरून पुढचा तपास सुरू होतो.